आयन क्रोमॅटोग्राफ घ्यायचं आहे, नागपूरची छोटी लॅब, सल्ला हवा

बोअरचं_पाणी | १८ एप्रिल, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

हिंगणा रोडवर माझी पाणी तपासणीची खासगी लॅब आहे. मी धरून सहा जण. बोअरचं पाणी, सोसायट्यांच्या टाक्या, आरओ प्लँट आणि बुटीबोरीच्या तीन-चार कारखान्यांचं सांडपाणी एवढं काम. उन्हाळ्यात दिवसाला २५-३० नमुने येतात, पावसाळ्यात निम्म्यावर येतात. एनएबीएलची (लॅबना मिळणारी राष्ट्रीय) मान्यता आहे.

सध्या फ्लोराइड इलेक्ट्रोडवर बघतो, नायट्रेट यूव्हीवर, क्लोराइड सिल्व्हर नायट्रेटच्या टायट्रेशननं आणि सल्फेट बेरियम क्लोराइड घालून गढूळपणावर. चारही पद्धती नीट चालतात, पण एका बाटलीला चार टेबलं फिरावी लागतात. दोन मुली सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यातच असतात. आयसी (आयन क्रोमॅटोग्राफ, पाण्यातले आयन वेगळे करून मोजणारं मशीन) आलं तर हे चारही आयन, शिवाय नायट्राइट, ब्रोमाइड, फॉस्फेट एकाच इंजेक्शनमध्ये मिळतील.

तीन कोटेशनं हातात आहेत. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग यांत जवळजवळ दुपटीचा फरक आहे, आणि तिन्हींच्या माहितीपत्रकात आकडे मात्र सारखेच दिसतात. बँकेचं कर्ज काढून घेणार आहे, त्यामुळे चुकायची सोय नाही. ज्यांनी हे मशीन स्वतः चालवलंय किंवा विकत घेतलंय त्यांनी मोकळेपणानं सांगा. पैसे नेमके कशात घालावेत?

---

टर्बाइनवाला | १८ एप्रिल, रात्री ११:०५

ताई, मी विदर्भातल्या एका औष्णिक केंद्रात २६ वर्षं केमिस्ट होतो. माझा पहिला प्रश्न हा की तुम्हाला मोजायचं किती आहे?

आम्ही वाफेतलं क्लोराइड आणि सोडियम मोजत होतो. लिटरमागे दोन-तीन मायक्रोग्रॅम. त्याहून वर गेलं की टर्बाइनच्या पात्यांची चिंता सुरू. तुमच्या बोअरच्या पाण्यात क्लोराइड २५० मिलिग्रॅम असणार. म्हणजे आमच्यापेक्षा सव्वा लाखपट. आमच्याकडे नमुना आधी कॉन्सन्ट्रेटर कॉलमवर (आयन पकडून गोळा करणाऱ्या नळीत) साठवून मग सोडायचे. हातमोजा न घालता बाटलीच्या तोंडाला बोट लागलं तरी घामाचं मीठ पीकमध्ये, म्हणजे आलेखातल्या सुळक्यात, दिसायचं. काचेची बाटली तर सोडियमसाठी आम्ही जवळसुद्धा येऊ देत नव्हतो.

तुम्हाला यातलं काही नको. तुमचा त्रास उलटा आहे. पाणी इतकं खारट आणि जड की कॉलम, म्हणजे आयन वेगळे करणारी नळी, थकतो. विक्रेता कमीत कमी किती मोजता येतं त्याचा आकडा दाखवून महागडं मॉडेल पुढं करेल, तर त्या आकड्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

---

पाना_पेचकस | १९ एप्रिल, सकाळी ७:३१

टर्बाइनवाला काकांचं अगदी बरोबर. मी १४ वर्षं आयसीची सर्व्हिस केली, दोन वेगवेगळ्या कंपन्यांत. आता त्या धंद्यात नाही, म्हणून मोकळेपणानं लिहितो. लांबेल, चालवून घ्या.

बाजार आधी समजून घ्या. हे तंत्र १९७५ चं. अमेरिकेतल्या डाऊ केमिकलमध्ये हॅमिश स्मॉल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ते काढलं आणि त्याच वर्षी त्यावर डायोनेक्स कंपनी उभी राहिली. २०११ मध्ये ती थर्मो फिशरनं घेतली. दुसरं मोठं नाव स्वित्झर्लंडच्या मेट्रोहमचं. त्यानंतर जपानची शिमाद्झू, आणि अलीकडं चीनच्या छिंगदाओ शहरातले उत्पादक. तुमच्या तीन कोटेशनांत यांतलेच कुणी ना कुणी असणार.

आता खरी गोष्ट. पंप, इंजेक्टर, डिटेक्टर सगळ्यांचे चांगले असतात. मशीन वेगळं ठरतं ते सप्रेसरवर. एल्युएंटमध्ये, म्हणजे नमुना कॉलममधून वाहून नेणाऱ्या द्रवात, सोडियम कार्बोनेट असतं, ते स्वतःच वीज वाहतं, मग त्या गोंगाटात तुमचं चिमूटभर फ्लोराइड कसं ऐकू येणार? सप्रेसर सोडियम काढून घेतो आणि त्या जागी हायड्रोजन देतो. कार्बोनेटचं कार्बोनिक आम्ल होतं, ते फारसं वीज वाहत नाही. तुमच्या क्लोराइडचं मात्र हायड्रोक्लोरिक आम्ल होतं, ते जोरात वाहतं. गोंगाट खाली, आवाज वर. सगळी करामत एवढीच.

हे करायच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. एकात पडदा असतो आणि पाण्याचं विद्युत विघटन करून हायड्रोजन आयन तिथंच तयार होतो. आम्लाची बाटली लागत नाही, रोज चालणाऱ्या लॅबमध्ये छान चालतो. पण पडदा ओला राहावा लागतो. पंप थांबला आणि विजेचा प्रवाह चालू राहिला तर पडदा जातो. मशीन महिनाभर बंद ठेवलं आणि नीट भिजवून ठेवलं नाही तरी जातो. दुसऱ्यात रेझिन भरलेले तीन कप्पे आळीपाळीनं फिरतात. एक कामावर, एक सौम्य सल्फ्युरिक आम्लानं ताजा होतोय, एक धुतला जातोय. आम्ल आणि धुण्याचं पाणी सांभाळावं लागतं, पण गडी दणकट असतो.

ताई, तुम्ही स्वतःच लिहिलंय की पावसाळ्यात काम निम्मं होतं. तेव्हा मशीन किती दिवस बंद राहील हे विक्रेत्याला आधी सांगा आणि मग कुठला सप्रेसर ते विचारा. कॉलम आणि सप्रेसर, दोन्ही लाखाच्या घरातल्या वस्तू आहेत. काही कंपन्या सप्रेसरवर दहा वर्षांची हमी देतात. देत असतील तर ती ऑर्डरमध्ये लिहून घ्या, तोंडी नको.

आणि नागपूरचा उन्हाळा. कंडक्टिव्हिटी (वीज वाहण्याची क्षमता, डिटेक्टर तीच मोजतो) एका अंशाला साधारण २ टक्के बदलते. म्हणून डिटेक्टरचा सेल आणि कॉलम दोन्ही ठरावीक तापमानाला हवेत. स्वस्त मॉडेलमध्ये कॉलम ओव्हन नसतो किंवा असला तरी फक्त गरम करतो, थंड करत नाही. तो ३० अंशांवर लावला आणि मे महिन्यात दुपारी एसी बसला, खोली ३८ वर गेली, तर ओव्हनच्या हातात काहीच उरत नाही. बेसलाइन, म्हणजे आलेखाची तळरेघ, चढत जाते आणि पीक जागा सोडतात. वर्धा रोडच्या एका लॅबमध्ये दोन दिवस आम्ही पंपाचे सील बदलत बसलो होतो. तिसऱ्या दिवशी कळलं की एसीचं पाणी गळतं म्हणून दुपारी बंद ठेवत होते. एकतर ओव्हन थंड करणारा घ्या, नाहीतर पद्धतच खोलीच्या सर्वांत जास्त तापमानाच्या वर बसवा. तेवढं कॉलमला झेपतं का ते कॉलमच्या कागदावर बघा.

---

तर्री_एक्स्ट्रा | १९ एप्रिल, सकाळी ९:१४

काहून बाप्पा एवढं कर्ज काढून राहिले? जुनी मशीन घ्या नं. हैदराबादकडे फार्मावाले बदलून राहिले, निम्म्याहून कमीत भेटते. माझ्या ओळखीच्यानं घेतली.

---

पाना_पेचकस | १९ एप्रिल, सकाळी ९:५०

दादा, मिळते खरी. पण तीन गोष्टी लेखी मिळाल्या तरच घ्यावी. सॉफ्टवेअरचा परवाना नव्या मालकाच्या नावावर कंपनी करून देईल का, त्या मॉडेलचे भाग अजून किती वर्षं मिळतील, आणि कंपनी त्या मशीनचा सर्व्हिस करार करेल का. यातल्या एकाचं जरी उत्तर 'नाही' आलं तरी ताईंसारख्या एनएबीएल लॅबनं त्या वाटेला जाऊ नये. जुनं सॉफ्टवेअर जुन्याच विंडोजवर चालतं, तो संगणक बसला की मशीन असून नसल्यासारखं.

---

निळी_शाई | १९ एप्रिल, दुपारी २:२०

मी शासकीय महाविद्यालयात शिकवते. आमच्या विभागानं गेल्या वर्षी असंच मशीन जेम या सरकारी खरेदी पोर्टलवरून घेतलं. ताईंना निविदा काढायची नाही, तरी त्यातला एक धडा कामाचा आहे.

तांत्रिक अटींत बसलेल्यांपैकी सर्वांत कमी किमतीवाल्याला काम जातं. त्यामुळे अटींत जे लिहायचं राहिलं ते कधीच मिळत नाही. आम्ही ऑटोसॅम्पलर लिहिला, गार्ड कॉलम (मुख्य कॉलमच्या आधी घाण अडवणारा) लिहिला, आणि टाइप वन म्हणजे अतिशुद्ध पाण्याचं यंत्र लिहायला विसरलो. १८.२ मेगाओहमचं पाणी नसेल तर एल्युएंट बनवायचं कशात? मशीन खोक्यात चार महिने पडून होतं. हमीचा काळ मात्र पोहोचल्या दिवसापासून मोजला गेला, कारण 'बसवल्यापासून' हा शब्दही आमच्या कागदात नव्हता. ते चार महिने मी रोज त्या खोक्यावरून वर्गावर जात होते, अजून मनातून जात नाही.

ताई, खासगीत तुम्हाला घासाघीस करता येते, आम्हाला करता येत नाही. तो हक्क पूर्ण वापरा. पाण्याचं यंत्र, यूपीएस, गाळणीचे कागद, प्रमाणित स्टँडर्ड (माहीत असलेल्या मात्रेचं द्रावण), पहिल्या वर्षाचे गार्ड कॉलम सगळं एकाच कोटेशनमध्ये मागा.

---

बोअरचं_पाणी | १९ एप्रिल, रात्री ९:३०

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी! निळी_शाई ताई, पाण्याच्या यंत्राचं माझ्याही कोटेशनमध्ये नाही. आजच विचारलं, 'ते वेगळं मॅडम' असं उत्तर आलं.

मी आज कागदावर हिशेब मांडला. एका रनला २० मिनिटं धरली. ३० नमुने, कॅलिब्रेशनचे ५, एक ब्लँक (नुसतं शुद्ध पाणी), दर दहा नमुन्यांमागे एक तपासणीचं स्टँडर्ड म्हणजे ३, आणि पुन्हा लावायचे नमुने ३. एकूण ४२ इंजेक्शनं, म्हणजे १४ तास. संध्याकाळी सहाला लावलं तर सकाळी आठला संपतं. म्हणजे ऑटोसॅम्पलर हवाच, आणि रात्रभर वीज हवीच.

एल्युएंटचा खर्च मात्र नगण्य दिसतो. एका कॉलमच्या कागदावर ३.२ मिलिमोलर सोडियम कार्बोनेट आणि १ मिलिमोलर बायकार्बोनेट आहे. लिटरला ३३९ मिलिग्रॅम आणि ८४ मिलिग्रॅम. मिनिटाला ०.७ मिलिलिटर वेगानं १४ तासांत ६०० मिलिलिटरसुद्धा लागत नाही. मग महागड्या कोटेशनमध्ये 'फक्त पाणी घाला, एल्युएंट मशीनच बनवेल' अशी जी सोय आहे, तिला एवढे पैसे का?

---

पाना_पेचकस | १९ एप्रिल, रात्री १०:१८

चांगला प्रश्न. त्या सोयीत एक काडतूस पाण्यापासून पोटॅशियम हायड्रॉक्साइड तयार करतं. सप्रेसरमधून गेल्यावर हायड्रॉक्साइडचं नुसतं पाणी होतं, म्हणून बेसलाइन फार खाली येते आणि एल्युएंटची तीव्रता रनमध्ये वाढवतही नेता येते. गुंतागुंतीच्या नमुन्यांना आणि अगदी कमी मात्रेला हे अप्रतिम आहे. कुणी बाटलीबंद पाण्यातलं ब्रोमेट बघायला सांगितलं, जिथं जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, तर मी याच बाजूनं बोलेन. पण काडतूस संपतं आणि महाग असतं. तुमच्या चार आयनांना कार्बोनेट पुरतं. फक्त एल्युएंटच्या बाटलीला सोडालाइमची नळी लावा, नाहीतर हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून दोन दिवसांत पीक सरकू लागतात.

एक सावधगिरी आहे. कार्बोनेटवर फ्लोराइड फार लवकर बाहेर येतं, नमुन्यातल्या पाण्यामुळे आलेखात सुरुवातीला जो खड्डा पडतो त्याला चिकटून. तुमच्या कामात फ्लोराइडच तर महत्त्वाचं. ते डेमोत बघाच.

---

झरीचा_मास्तर | २० एप्रिल, सकाळी ६:४५

मला या मशीनमधलं काही कळत नाही. मी यवतमाळ जिल्ह्यात झरी तालुक्यात शिक्षक आहे. आमच्या पट्ट्यात फ्लोराइड आहे हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या वर्गात हसताना तोंडावर हात ठेवणारी मुलं आहेत, दातांवरच्या तपकिरी रेघांमुळे. गावात गुडघे न वाकणारी म्हातारी माणसं आहेत.

मी दरवर्षी शाळेच्या हातपंपाचं पाणी तपासायला पाठवतो. मागच्या वर्षी दोन लॅबचे दोन अहवाल आले. एकात नायट्रेट १६, दुसऱ्यात ७१. ग्रामसभेत ते कागद ठेवले तर सगळे म्हणाले, मास्तर, ही लॅबवाली माणसं मनानं आकडे लिहितात. त्यानंतर पाण्याचा विषयच निघाला नाही. ताई, मशीन कुठलंही घ्या, पण आमच्यासारख्याला कळेल असा एकच आकडा द्या, ही विनंती.

---

बोअरचं_पाणी | २० एप्रिल, सकाळी ८:०२

सर, तुमचे दोन्ही अहवाल बहुतेक बरोबर आहेत. १६ हा आकडा नायट्रेटमधल्या नुसत्या नायट्रोजनचा असणार आणि ७१ हा पूर्ण नायट्रेटचा. नायट्रोजनला ४.४३ नं गुणलं की नायट्रेट येतं. १६ गुणिले ४.४३ म्हणजे ७०.९. भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये मर्यादा नायट्रेट म्हणून ४५ मिलिग्रॅम आहे आणि त्यात सूट नाही. म्हणजे तुमचा हातपंप दोन्ही कागदांप्रमाणे मर्यादेबाहेर आहे. १६ बघून कुणी निश्चिंत झालं असेल तर ती आम्हा लॅबवाल्यांची चूक, एकक ठळक लिहिलं नाही म्हणून. लहान बाळांच्या दुधात ते पाणी वापरू नये एवढं कृपया आजच गावात सांगा, आणि उकळून नायट्रेट जात नाही हेही सांगा. पुढचा नमुना माझ्याकडे पाठवा, पैसे नकोत.

---

बुटीबोरी_क्यूसी | २० एप्रिल, दुपारी १:१०

औषध कंपनीच्या बाजूनं थोडं. २०१८ मध्ये वल्सार्टन या रक्तदाबाच्या औषधात नायट्रोसामीन हा घातक अंश सापडल्यापासून आमच्याकडे कच्च्या मालातलं नायट्राइट बघायचं काम वाढलं. औषध कारखान्यांकडून आयसीला मागणी आली त्याचं हे एक कारण. विक्रेते तुम्हालाही आमच्यासाठीचंच सॉफ्टवेअर विकू बघतील. अमेरिकेच्या २१ सीएफआर भाग ११ प्रमाणे प्रत्येक क्लिकची नोंद, प्रत्येकाचा वेगळा लॉगिन, इलेक्ट्रॉनिक सह्या. आम्हाला त्याशिवाय गत्यंतर नाही.

तुम्हाला भाग ११ बंधनकारक नाही. पण नोंदवही मात्र नक्की घ्या. कुणी पीक हातानं कापलं, बेसलाइन ओढली, तर ते कुणी, कधी केलं हे दिसलं पाहिजे. ऑडिटरनं एक क्रोमॅटोग्राम (आयसीचा आलेख) उघडून 'हे इंटिग्रेशन, म्हणजे पीकचं मोजमाप, हातानं का?' विचारलं की उत्तर तयार हवं.

---

हिशेबी | २० एप्रिल, संध्याकाळी ७:२५

कराचं एक. मशीनवर जीएसटी लागतो. संशोधन संस्थांना पूर्वी ५ टक्के या सवलतीच्या दरानं कर होता, ती सवलत १८ जुलै २०२२ पासून बंद झाली. तुमच्या तपासणी सेवेवर तुम्ही जीएसटी भरता, म्हणून मशीनवरचा कर इनपुट क्रेडिटमध्ये मिळतो. पण त्या कराच्या रकमेवर घसारा घेतला तर क्रेडिट मिळत नाही. दोन्ही एकदम नाही. सीएला कोटेशन येण्याआधी विचारा, बिल झाल्यावर नाही.

आणि तुलना पहिल्या बिलावर करू नका. पाच वर्षांचा तक्ता मांडा. मशीन, कॉलम, गार्ड कॉलम, सप्रेसर, पंपाचे सील, पाण्याच्या यंत्राची काडतुसं, सर्व्हिस करार, कर्जाचं व्याज. एकूण बेरजेला पाच वर्षांतल्या नमुन्यांनी भागा. मग एका नमुन्याला किती पडतं ते कळेल.

---

पाना_पेचकस | २० एप्रिल, रात्री ८:००

हिशेबींच्या तक्त्यात एक भर. सर्व्हिस कराराचे दोन प्रकार असतात. एएमसीत माणूस येतो, भागांचे पैसे वेगळे. सीएमसीत भागही येतात. पण सीएमसीच्या बारीक अक्षरांत कॉलम आणि सप्रेसर 'कन्झ्युमेबल' म्हणून बहुतेक वेळा वगळलेले असतात, म्हणजे महागातल्या दोन वस्तू बाहेरच. वगळलेल्या वस्तूंची यादी मागून घ्या.

इंजिनिअर कुठं राहतो हेही विचारा. मुंबईहून येणार की हैदराबादहून, की नागपुरातच आहे? तक्रार केल्यापासून किती तासांत दारात, ते ऑर्डरमध्ये लिहा. शक्य असेल तर त्यांच्याकडून मशीन घेतलेल्या नागपुरातल्या दोन लॅबना स्वतः फोन करा आणि फक्त एवढंच विचारा, गेल्या वर्षी मशीन किती दिवस बंद होतं?

---

बोअरचं_पाणी | ११ मे, रात्री ११:४०

उशीर झाला, पण डेमो करून आले. तिन्हीकडे. इथं मिळालेला सल्ला तंतोतंत पाळला, म्हणून सविस्तर लिहिते.

माझे सर्वांत वाईट पाच नमुने घेऊन गेले. प्लॅस्टिकच्या बाटल्या, वर फक्त १ ते ५ आकडे. एक झरीच्या मास्तरांनी पाठवलेला हातपंप, एक हिंगण्याचं खारट बोअर, एक सांडपाणी, एक आरओचं पाणी. पाचवी बाटली म्हणजे झरीचंच पाणी, त्यात मी लिटरला बरोबर १ मिलिग्रॅम फ्लोराइड जास्तीचं घातलं होतं. हे कुणालाच सांगितलं नाही. माझ्या इलेक्ट्रोडवर पहिली बाटली २.८ होती, म्हणून पाचवी ३.८ यायला हवी.

पहिल्या ठिकाणी स्टँडर्डचा क्रोमॅटोग्राम सुरेख आला, सात पीक काटकोनात उभे. मग माझी पहिली बाटली लागली. दोन-तीन मिनिटं झाली असतील, रेघ आधी खाली गेली, खड्डा पडला, आणि फ्लोराइडचं पीक त्या खड्ड्याच्या काठावरूनच वर आलं. त्याचा डावा पाय जमिनीवर टेकलाच नव्हता. सॉफ्टवेअरनं बेसलाइन खड्ड्याच्या तळातून ओढली आणि आकडा दिला ३.३. मशीन दाखवणाऱ्या कंपनीच्या मुलानं हातानं बेसलाइन वर घेतली, २.३ झाला. पाचव्या बाटलीला ३.१ दिला. म्हणजे एक मिलिग्रॅम घातलेलं आणि ०.८ परत मिळालेलं, तेही हातानं ओढून. तो मुलगा प्रामाणिक होता, म्हणाला, मॅडम, या कॉलमवर मी यापेक्षा चांगलं करू शकत नाही.

दुसऱ्या ठिकाणी लांब कॉलम होता, खड्डा आणि फ्लोराइड यांच्यात रेघ नीट सपाट झाली. २.७ आणि ३.७. हात लावावा लागला नाही. वेळ मात्र २६ मिनिटं, म्हणजे माझा १४ तासांचा हिशेब १८ वर जातो.

तिसरं हायड्रॉक्साइडवालं. सर्वांत स्वच्छ चित्र तिथलंच, २.८ आणि ३.८. पण पाच वर्षांचा तक्ता मांडल्यावर एका नमुन्याचा खर्च दुसऱ्यापेक्षा बराच वर गेला.

हिंगण्याच्या बोअरमध्ये तिन्हीकडे एकच अडचण आली. क्लोराइडच्या डोंगराखाली नायट्राइट दिसलंच नाही. पातळ केलं तेव्हा दिसलं.

---

पाना_पेचकस | १२ मे, सकाळी ७:१५

ताई, पाचव्या बाटलीची कल्पना फार आवडली. डेमोला कंपनीचं स्टँडर्ड बघून ऑर्डर देणारे मी शेकड्यानं पाहिलेत.

खड्ड्यावर एक जुना उपाय आहे, अमेरिकेच्या ईपीए ३००.० पद्धतीतच लिहिलेला. एल्युएंट शंभरपट तीव्र बनवा आणि त्यातलं १ मिलिलिटर प्रत्येक १०० मिलिलिटर नमुन्यात घाला. स्टँडर्डमध्येही तेवढंच घाला. नमुन्यातलं पाणी आणि वाहतं एल्युएंट सारखं झालं की खड्डा नाहीसा होतो. दुसऱ्या कंपनीच्या आखूड कॉलमवर हे करून बघायला सांगा. चाललं तर तुमचे १८ तास परत १४ वर येतील.

आणि झरीच्या पाण्यात लोह आहे का ते बघा. असेल तर अल्कधर्मी एल्युएंटमध्ये ते गार्ड कॉलमवर बसतं. ०.४५ मायक्रॉनची गाळणी चुकवू नका, गार्ड कॉलम कंजुषी न करता बदला.

---

टर्बाइनवाला | १२ मे, सकाळी ८:४०

कॅटायनचं, म्हणजे धन आयनांचं, विचारलंत का? सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम? तेही मिळालं तर धन आणि ऋण आयनांचा ताळा जुळवता येतो. ताळा जुळला नाही की कुठंतरी चूक आहे हे अहवाल बाहेर जायच्या आधी कळतं. आम्ही त्याशिवाय सही करत नव्हतो.

---

बोअरचं_पाणी | १२ मे, रात्री १०:०५

काका, विचारलं. त्याच मशीनवर कॉलम आणि एल्युएंट बदलून करता येतं, पण प्रत्येक बदलात अर्धा दिवस स्थिरावण्यात जातो. म्हणून आता एकच चॅनेल, आणि दुसरं नंतर जोडता येईल असं मॉडेल. तोवर कॅल्शियम-मॅग्नेशियम ईडीटीएच्या टायट्रेशनवर, सोडियम-पोटॅशियम फ्लेम फोटोमीटरवर आणि ताळा हातानं मांडायचा. उद्यापासून प्रत्येक अहवालाला.

---

बोअरचं_पाणी | ३ जुलै, रात्री ९:५०

मशीन आलं, बसलं. दुसऱ्या क्रमांकाच्या डेमोवालं घेतलं. नाव मुद्दाम लिहीत नाही, माझे नमुने माझ्या भागातले आहेत, तुमचे वेगळे असतील. ज्यांना हवं त्यांनी व्यनि करा, कोटेशनचा तक्ताही पाठवते.

तीव्र एल्युएंटचा उपाय आखूड कॉलमवर चालला. झरीची बाटली २.८, पाचवी ३.७, वेळ १९ मिनिटं. त्याच कॉलमवर ऑर्डर दिली. 'बसवल्यापासून' हमी, इंजिनिअर ४८ तासांत, पाण्याचं यंत्र आणि सहा गार्ड कॉलम कोटेशनमध्ये. सप्रेसरची हमी लेखी. यूपीएस वेगळा घेतला, पंप, सप्रेसर आणि संगणक तिन्ही त्यावर. २१ जूनच्या वादळात रात्री दोनला वीज गेली, सकाळी येऊन बघितलं तर ३४ वं इंजेक्शन चालू होतं आणि पीक जागेवर होते.

एनएबीएलच्या कक्षेत ही पद्धत घालायची प्रक्रिया सुरू केली आहे. तोपर्यंत जुन्या चारही पद्धती समांतर चालू ठेवल्यात, रोज दहा नमुने दोन्हीकडे. सल्फेटला जुन्या पद्धतीत गढूळ नमुन्यांना जास्त आकडा येत होता हे आत्ता लक्षात आलं. तीन ग्राहकांना फोन करून सांगितलं आणि नवे अहवाल दिले.

अहवालाचा नमुनाही बदलला. नायट्रेटच्या समोर आता 'नायट्रेट म्हणून' असं लिहिलेलं असतं आणि शेजारच्या रकान्यात मर्यादा ४५.

---

झरीचा_मास्तर | ५ जुलै, सकाळी ६:३०

ताई, तुमचा अहवाल ग्रामसभेत वाचला. फ्लोराइड २.८, मर्यादा १, पर्याय नसेल तर १.५ पर्यंत. नायट्रेट ६८, मर्यादा ४५. यावेळी कुणी आकड्यावर शंका घेतली नाही. एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, मग दुसऱ्या टोकाच्या विहिरीचं पाणी कसं आहे? माहीत नाही म्हणालो. तिचे नमुने उद्याच्या एसटीनं पाठवतोय, दोन बाटल्या.

---

बोअरचं_पाणी | ५ जुलै, सकाळी ७:०५

पाठवा सर. प्लॅस्टिकच्या बाटल्या, त्याच पाण्यानं तीनदा विसळून, काठोकाठ भरून, बर्फाच्या डब्यात. नायट्राइट आणि नायट्रेट उन्हात बदलतात. बाटलीवर विहिरीचं ठिकाण आणि वेळ लिहा. गणेशपेठ स्टँडवर माझी मुलगी घ्यायला येईल, संध्याकाळच्या रनमध्ये लावते.